राहत-उल्-हुलकूम ऊर्फ लोकुम : एका तुर्की मिठाईचे घटक, नांव व उत्पत्ति

खाद्यपदार्थांचा इतिहास हा गंभीर संशोधकानें हातीं घेण्याजोगा विषय नव्हे, असा समज आपल्याकडे पुष्कळ काळ होता. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४३ सालीं जिलबीच्या इतिहासावर निबंध लिहून तो बऱ्याच अंशीं दूर केला. एखादा पदार्थ कोणत्या ग्रंथांत प्रथम दिसतो, त्याचें नांव कोणत्या भाषेंतून आलें, व लोक जी त्याची कथा सांगतात ती कागदाच्या पुराव्यापुढें कितपत टिकते, हे प्रश्न एखाद्या सनदेच्या किंवा वंशावळीच्या परीक्षणाहून प्रकृतीनें वेगळे नाहींत. त्याच धोरणानें प्रस्तुत लेखांत तुर्कस्थानांतील लोकुम नांवाच्या मिठाईचा विचार केला आहे. ही वस्तु आतां मुंबई-पुण्याच्या दुकानांतून डब्यांत भरून विकत मिळते, व प्रवासी मंडळीहि ती इस्तंबूलहून आणतात. डब्यावर बहुधा तिचा थोडा इतिहासहि छापलेला असतो. तो इतिहास जसाच्या तसा घेण्यासारखा नाहीं, व कां नाहीं हें दाखविणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे. परंतु वस्तूची ओळख झाल्यावांचून तिच्या इतिहासाची छाननी समजणार नाहीं. सबब आधीं वस्तु, मग नांव, व मग उत्पत्ति, असा क्रम ठेवतों.

लोकुम म्हणजे साखरेचा पाक व निशास्ता हीं थोड्या आम्लाच्या साहाय्यानें दीर्घकाळ शिजवून थिजविलेली, लवचीक व अर्धपारदर्शक अशी वडी होय. निशास्ता म्हणजे धान्यांतील पिठूळ सत्त्व. आपल्याकडे गहूं भिजवून, वाटून व गाळून जो चीक काढतात, तो वाळविला असतां जें राहतें तें. वडी साधारण इंचभर लांबरुंद असून तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा जाड थर असतो. दांताखालीं ती किंचित् प्रतिकार करते व मग सावकाश विरघळते. ज्यांनीं मुंबईचा चिकट, रंगीत, काजू-वेलदोडे घातलेला हलवा खाल्ला आहे त्यांस तिची कल्पना लवकर येईल. मात्र एक भेद पहिल्यानेंच ध्यानांत घ्यावा. आपल्या हलव्यास तुपावांचून गति नाहीं. लोकुमाच्या मूळ साच्यांत तूप मुळींच नाहीं. दूध नाहीं, अंडें नाहीं, आणि जिलेटिनहि नाहीं. यूरोपांतील कित्येक कारखाने जिलेटिन घालून असाच दिसणारा पदार्थ करतात. परंतु त्याचा चावा रबरासारखा असतो व तो तोंडांत निराळ्या रीतीनें वितळतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून निघतें. सबब शाकाहारी वाचकांनीं डबा घेतांना घटकांची यादी अवश्य वाचावी. परंपरागत लोकुम खाण्यास त्यांना कांहीं प्रत्यवाय नाहीं.

आतां कृति. प्रथम साखर व पाणी उकळून त्यांत लिंबाचा रस, लिंबूसत्त्व किंवा टार्टर नांवाचा क्षार अल्प प्रमाणांत घालतात. हा टार्टर द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत तळाशीं व कडेला जमतो. दुसऱ्या भांड्यांत निशास्ता थंड पाण्यांत कालवून, गुठळी राहूं न देतां, मंद आंचेवर खळीसारखा घट्ट करतात. घरगुती कृतींत निशास्त्याचें प्रमाण वजनानें साखरेच्या सुमारें पांचव्या ते सहाव्या हिश्श्याइतकें असतें. मग पाक थोडाथोडा त्या खळींत ओतून मिश्रण एकजीव करावयाचें, आणि तेथून खरें काम सुरू होतें. तासभर, पुष्कळदां दोन तासपर्यंत, मंद विस्तवावर तें सतत ढवळावें लागतें. हात थांबला कीं तळ धरतो, आणि एकदां करपल्याचा वास लागला म्हणजे गुलाबपाण्यानेंहि तो झांकत नाहीं. आरंभीं दुधाळ दिसणारें मिश्रण हळूहळू स्वच्छ व सोनेरी होतें, पळीस चिकटून न राहतां भांड्याच्या कडा सोडूं लागतें. तेव्हां सुगंध व सुका मेवा घालून तें निशास्ता भुरभुरलेल्या लांकडी तबकांत ओततात. एक अहोरात्र तें तसेंच राहूं द्यावें लागतें. दुसरे दिवशीं वड्या कापून त्या दळलेली साखर व निशास्ता यांच्या मिश्रणांत घोळवितात. या भुकटीचें काम शोभेचें नव्हे. वड्या एकमेकींस चिकटूं नयेत व त्यांवर ओल सुटूं नये म्हणून ती लागते.

यांत प्रत्येक घटकाचें प्रयोजन काय, हें रसायनशास्त्रानें आज नीट सांगितलें आहे. निशास्त्याचे सूक्ष्म कण उष्ण पाण्यांत फुगतात व फुटतात आणि पाण्याला आपल्यांत बांधून घेतात. पुढें थंड होतांना त्यांतील लांब साखळ्या पुन्हां एकमेकींत गुंततात व पदार्थास घट्टपणा येतो. तबकांत एक अहोरात्र ठेवण्याचें कारण तेंच. आम्लाचें काम याहून सूक्ष्म आहे. नुसती साखर घट्ट शिजविली असतां निवतांना तिचे खडे बनतात. आपल्याकडे पाक ‘साखरला’ असें म्हणतात तें हेंच. आम्लासह उकळली असतां साखरेचा कांहीं भाग फुटून त्यापासून द्राक्षशर्करा व फलशर्करा अशा दोन साध्या शर्करा होतात, व त्यांच्या संगतींत मूळ साखरेस खडे धरतां येत नाहींत. निशास्त्याच्या लांब साखळ्याहि आम्लानें थोड्या तुटतात, त्यामुळें मिश्रण पारदर्शक होतें. लिंबू घातलें तें चवीसाठीं, अशी जी समजूत आहे ती येथें लागू नाहीं. आम्ल वगळलें तर लोकुम होत नाहीं; दोन दिवसांत कण लागलेला, पिठूळ असा गोळा मात्र हातीं येतो.

सुगंधांत गुलाबपाणी अग्रगण्य. त्याकरितां लागणारा दमास्क जातीचा गुलाब अनातोलियांत इस्पार्ता प्रांतीं व बल्गेरियांत कझानलिकच्या खोऱ्यांत मोठ्या प्रमाणावर पिकतो. गुलाबी रंगासाठीं किरमिजाचा उपयोग होत असे. हा रंग एका किड्यापासून निघतो, व ‘किरमिज’ या शब्दांत आपला ‘कृमि’ शब्दच फारसीच्या वाटेनें आलेला आहे. दुसरा महत्त्वाचा सुगंध मस्तकीचा. मस्तकी हा खिओस बेटाच्या दक्षिण भागांत होणाऱ्या एका झुडपाचा डिंक असून तुर्की भाषेंत त्या बेटाचें नांवच साकिझ, म्हणजे डिंक, असें आहे. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत जी ‘रुमी मस्तकी’ मिळते ती हीच. जुन्या मराठी कागदांतून ‘रूमशाम’ हा शब्द ज्यांच्या पाहण्यांत आला आहे त्यांस या विशेषणाचा अर्थ सांगणें नको. मेव्यांत अंतेपचा पिस्ता, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील फिंदिक व अक्रोड हे मुख्य. साफ्रानबोलु गांवीं केशर घालतात; त्या गांवाचें नांवच केशरावरून पडलें आहे. आफ्योन येथें म्हशीच्या दुधाची घट्ट साय वडींत भरतात. ही शेवटची तऱ्हा रुचकर खरी, पण ती दोन दिवसांहून अधिक टिकविणें कठीण, व मूळ लोकुमाच्या लक्षणांत ती बसत नाहीं.

नांवाचा विचार अधिक रंजक आहे. या मिठाईचें जुनें पूर्ण नांव राहत-उल्-हुलकूम असें असून तें अरबी आहे. राहत म्हणजे आराम व हुलकूम म्हणजे कंठ; मिळून ‘कंठास सुख देणारी’. त्यापासून राहत-लोकुम, व पुढें नुसतें लोकुम, असा संक्षेप झाला, असें बहुतेक मानतात. याविरुद्ध दुसरा पक्ष असा कीं, लोकुम हा अरबी ‘लुक्मा’ म्हणजे घांस या शब्दापासून आला आहे. हा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं. महंमद बिन हसन अल्-बगदादी यानें इ. स. १२२६ मध्यें लिहिलेल्या पाकग्रंथांत ‘लुकम-अल्-काझी’, म्हणजे काझीचे घांस, या नांवाचा तळून पाकांत टाकलेला गोड पदार्थ आहे, व तुर्कस्थानांत आजहि ‘लोक्मा’ या नांवानें तसाच पदार्थ मिळतो. अर्थात् मिठाईस घांस म्हणण्याची वहिवाट जुनी आहे.

तथापि आमच्या मतें पहिलाच पक्ष बलवत्तर आहे, व त्याचें प्रमाण शेजारच्या भाषांत सांपडतें. पोथ्यांचे पाठभेद लावतांना निरनिराळ्या शाखांतील प्रती मूळ पाठाचा वेगवेगळा अंश राखून ठेवतात व ते अंश जोडून मूळ पाठ सिद्ध करतां येतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. येथेंहि तसेंच झालें आहे. रुमानियन भाषेंत या मिठाईस नुसतें ‘राहत’ म्हणतात. सर्बियन भाषेंत ‘रातलुक’. रशियन भाषेंत ‘राखात-लुकूम’. बल्गेरियनांत ‘लोकुम’ व ग्रीकांत ‘लुकूमी’. एका शाखेनें पूर्वार्ध राखला, दुसरीनें उत्तरार्ध, तिसरीनें दोन्ही. मूळ शब्द नुसता ‘लुक्मा’ असता तर रुमानियनांत ‘राहत’ कोठून आलें असतें? तात्पर्य, उस्मानी सत्तेच्या काळांत ही मिठाई बाल्कन प्रांतांत पसरली ती पूर्ण नांवानिशीं पसरली, व संक्षेप त्या त्या ठिकाणीं मागाहून झाले. लुक्मा शब्दाच्या सादृश्यानें उत्तरार्धाचें रूप घडण्यास मदत झाली असेल, एवढें मान्य करण्यास हरकत नाहीं.

शब्दांची गोष्ट निघाली आहे तर घटकांचीं नांवेंहि पाहूं. साखरेस तुर्की भाषेंत ‘शेकेर’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘शकर’ याचें रूप, व तो आपल्या ‘शर्करा’ शब्दापासून निघाला, हें सर्वमान्य आहे. मिठाईवाल्यास ‘शेकेरजी’ व राजवाड्यांतील मुख्य मिठाईवाल्यास ‘शेकेरजीबाशी’ म्हणत. यांतील ‘जी’ किंवा ‘ची’ हा व्यवसायदर्शक प्रत्यय शुद्ध तुर्की असून मशालची, तोफची, खजिनची या आपल्या शब्दांत तोच आहे. वर्गांत हें सांगितलें म्हणजे मुलांस नवल वाटे. मशाल हातीं घेणारा मनुष्य तुर्की प्रत्यय बाळगून चालला आहे, ही कल्पना त्यांना फार आवडे. निशास्ता हा शब्द फारसी. ‘नशिस्तन्’ म्हणजे बसणें. त्याचा संस्कृतांतील सगोत्र म्हणजे ‘नि’ उपसर्गपूर्वक ‘सद्’ धातु. पाण्यांत कालविलेलें सत्त्व जें तळाशीं जाऊन बसतें तें निशास्ता. कुरडयांकरितां गहूं भिजवून, वाटून, गाळून चीक खालीं बसूं देणाऱ्या आमच्या घरांतील बायकांस ही व्युत्पत्ति कोणीं समजावून देण्याची गरज नाहीं.

आतां उत्पत्तीकडे वळूं. प्रचलित वृत्तांत असा : कास्तामोनु प्रांतांतील आराच गांवचा बेकिर एफेंदि नांवाचा मिठाईवाला इस्तंबूलांत आला व त्यानें १७७७ सालीं बाहचेकापी भागांत दुकान थाटलें. पुढें हजची यात्रा करून तो हाजी बेकिर झाला. सुलतान कठीण खडीसाखर फोडतां फोडतां दांत दुखावून संतापला व त्यानें मऊ मिठाई करण्याचा हुकूम सोडला. तेव्हां हाजी बेकिरानें लोकुम सिद्ध केलें. कोणी म्हणतात, दांताचा प्रश्न नव्हता, जनानखान्यांतील बेगमांची मनधरणी करावयाची होती. प्रारंभीं ही मिठाई मध किंवा द्राक्षाची काकवी व पीठ यांची होत असे. पुढें शुद्ध साखर आली. व १८११ सालीं एका जर्मन शास्त्रज्ञानें निशास्त्याचा शोध लावल्यावर हाजी बेकिरानें पिठाऐवजीं निशास्ता घालण्यास सुरुवात केली, आणि आजचें लोकुम तयार झालें.

या वृत्तांतांत तीन थर आहेत, व ते वेगळे केले पाहिजेत. दुकानाची गोष्ट ही घराण्याची परंपरा आहे. तें दुकान आजहि बाहचेकापी भागांत चालू आहे, व त्या घराण्यानें व्हिएन्ना येथील १८७३ च्या जागतिक प्रदर्शनांत आपली मिठाई मांडून पदक मिळविलें. दोन शतकांहून अधिक काळ एका धंद्यांत टिकलेल्या घराण्याची आठवण सहजासहजीं झुगारून देऊं नये. पण घराण्याची बखर मूळपुरुषाचा पराक्रम वाढवून सांगते, हा अनुभव आपल्याला नवा नाहीं. दुकान १७७७ सालीं निघालें असें धरलें तरी त्यावरून मिठाईहि त्या सालीं जन्मली असें होत नाहीं. दांताची व बेगमांची कथा हा दुसरा थर. एकाच घटनेचीं दोन परस्परविसंगत कारणें सांगितलीं जातात, तेव्हां बहुधा दोन्ही मागाहून जोडलेलीं असतात. १७७७ सालीं पहिला अब्दुल हमीद गादीवर होता, एवढेंच त्यांत इतिहासाचें.

तिसरा थर निशास्त्याचा. तोच सर्वांत जास्त शास्त्रीय दिसतो, आणि तोच सर्वांत खोटा आहे. गोत्लीब किर्खोफ हा जर्मन वंशाचा रसायनशास्त्रज्ञ सेंट पीटर्सबर्ग येथें काम करीत असे. त्यानें १८११ सालीं जें दाखविलें तें असें कीं, निशास्ता सौम्य गंधकाम्लांत उकळला असतां त्यापासून साखर होते. म्हणजे शोध निशास्त्याचा नव्हे, निशास्त्यापासून होणाऱ्या साखरेचा. कोणा लेखकानें मधला शब्द गाळला व पुढील सर्वांनीं नक्कल उतरून घेतली. नकलाकाराच्या हस्तदोषानें वंशावळींत एक पिढी गळते, तसाच हा प्रकार आहे.

निशास्ता तर फार प्राचीन. रोमन ग्रंथकार केटो इ. स. पूर्वी १४९ मध्यें वारला. त्याच्या शेतीवरील पुस्तकांत निशास्ता करण्याची कृति दिली आहे. गहूं धुवून भांड्यांत घालावा, रोज दोनदां पाणी घालावें, दहावे दिवशीं निपटून कालवावा, नव्या वस्त्रांतून दूध पिळून काढावें व तें उन्हांत वाळवावें, असा तिचा आशय आहे. भिजविण्याचे दिवस कमी केले तर ही आपल्या चिकाचीच कृति. इ. स. ७९ मध्यें वारलेला प्लिनी सांगतो कीं, निशास्त्याचा शोध खिओस बेटांत लागला व त्याच्या काळींहि तेथील माल सर्वोत्तम समजला जाई. मस्तकीचें बेट तेंच, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ग्रीक लोक निशास्त्यास ‘अमुलोन’ म्हणत, म्हणजे जात्यावर न दळलेलें. यांतील ‘अ’ संस्कृतांतील नञर्थक ‘अ’ च्या नात्यांतला आहे. फारसी शब्द तळाशीं बसण्यावरून निघाला, ग्रीक शब्द जात्याशीं संबंध नसल्यावरून. कृति मात्र एकच.

निशास्ता व गोड पदार्थ यांचा योगहि जुना आहे. दहाव्या शतकांत इब्न सय्यार अल्-वर्राक यानें बगदादच्या खलीफांच्या पाकशाळेंतील कृतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या हस्तलिखित प्रती ऑक्सफर्ड व हेल्सिंकी येथें आहेत, व त्यांवरून १९८७ मध्यें मूळ अरबी ग्रंथ छापून निघाला. त्यांत ‘फालूदज’ या पदार्थाच्या कृती आहेत. निशास्ता, मध किंवा साखर, केशर व बदाम घालून शिजविलेला तो चकचकीत, अर्धपारदर्शक पदार्थ. त्यांत तेलतूप पडत असे, म्हणून तो लोकुम नव्हे. परंतु निशास्ता गोड पाकांत पारदर्शक होईपर्यंत शिजवावयाचा ही मुख्य युक्ति तेथें सिद्ध झालेली आहे. आपला फालुदा नांवानें याचाच वंशज. जुना घट्टपणा टाकून तो पुढें इराणांत व हिंदुस्थानांत शेवयांचा झाला, ही गोष्ट निराळी.

हें ज्ञान तुर्कांपर्यंत पोंचलें कीं नाहीं, अशी शंका घेण्यासहि जागा नाहीं. वर उल्लेखिलेल्या अल्-बगदादीच्या ग्रंथाची प्रत इस्तंबूलांतच आयासोफियाच्या संग्रहांत सांपडली, व ती दाऊद चेलेबी यांनीं १९३४ मध्यें मोसुल येथें छापून प्रसिद्ध केली. याच ग्रंथाचें तुर्की भाषांतर पंधराव्या शतकांत शिर्वानी नांवाच्या वैद्यानें केलें व त्यांत आपल्या काळच्या कृतींची भर घातली. म्हणजे हाजी बेकिराच्या तीनशें वर्षें आधीं बगदादची पाकविद्या तुर्की भाषेंत उतरली होती. शुद्ध साखर अठराव्या शतकाच्या अखेरीसच आली, हेंहि विधान फार सांभाळून घेतलें पाहिजे. १५८२ सालीं शाहजादा मेहमद याच्या सुंतेचा जो उत्सव इस्तंबूलांत झाला, त्यांत साखरेचे पशुपक्षी व इमारती करून मिरविल्याचें वर्णन इन्तिझामीच्या सूरनाम्यांत असून नक्काश उस्मानाच्या हाताखालीं काढलेलीं त्याचीं चित्रेंहि उपलब्ध आहेत. साखर होती, सामान्य गिऱ्हाइकास परवडेल इतकी स्वस्त मात्र नव्हती. प्रचलित वृत्तांतांतील साखरेच्या विधानाचा एवढाच अंश घेतां येईल.

राहतां राहिला प्रश्न द्राक्षाच्या काकवीचा, व तेथें परंपरेला थोडा आधार आहे. अनातोलियांत अक्रोड दोऱ्यांत ओंवून ती माळ पीठ किंवा निशास्ता घालून घट्ट केलेल्या द्राक्षरसांत पुन्हां पुन्हां बुडवितात व वाळवितात. जॉर्जियांत याच पदार्थास चुर्चखेला म्हणतात. खेड्यापाड्यांतून घरोघर होणारा हा पदार्थ लोकुमाचा वडील भाऊ असावा, असें त्याची घडण पाहतां म्हणावेसें वाटतें.

लोकुमाविषयीं तारीख निश्चित असलेला व स्वतः पाहून लिहिलेला महत्त्वाचा कागद मग कोणता? ग्रीसच्या ओटो राजाच्या पदरीं फ्रीद्रिख उंगर नांवाचा जर्मन मिठाईवाला होता. तो १८३५ सालीं इस्तंबूलास गेला, तेथील मिठाईवाल्यांचीं कामें त्यानें प्रत्यक्ष पाहिलीं, व १८३८ मध्यें पूर्वेकडील मिठायांवर जर्मन भाषेंत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत या मिठाईची कृति आहे. २००३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर निघाल्यामुळें तें आतां सुलभ झालें आहे. धंद्यांतील माणसानें, परक्या देशांत, मुद्दाम शिकण्याच्या हेतूनें केलेलीं हीं टिपणें. त्यांस कोणा मूळपुरुषाची थोरवी गावयाची नव्हती. सबब त्यांचें वजन डब्यावरील इतिहासाहून कितीतरी अधिक आहे. माल्टा बेटांतील आमादेओ प्रेझिओसी हा चित्रकार १८४० नंतर इस्तंबूलांत राहिला, व तेथील एका मिठाईवाल्याच्या दुकानाचें त्यानें काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. तें हाजी बेकिराचेंच दुकान असें सांगतात; असो. एकूण हिशेब असा मांडतां येईल : युक्ति बगदादची, द्राक्षरसाची सवय अनातोलियांतील खेड्यांची, साखर स्वस्त झाली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, आणि तूप वगळून, आम्ल घालून, वडी टिकाऊ व विकाऊ करण्याचें श्रेय इस्तंबूलच्या मिठाईवाल्यांचें. त्यांत हाजी बेकिराचा वाटा मोठा असणें संभवनीय आहे. तो एकट्याचा होता, असें म्हणण्यास मात्र पुरावा पाहिजे.

पश्चिमेकडे या मिठाईचा प्रवास झाला तो थोडक्यांत सांगतों. चार्ल्स डिकिन्सच्या १८७० मधील शेवटच्या, अपूर्ण कादंबरींत ती विकणाऱ्या दुकानाचा उल्लेख येतो; त्या वेळीं इंग्रजींत तिला ‘आनंदाचे खडे’ अशा अर्थाचें नांव होतें. १९०२ मध्यें आयर्लंडांतील कॉर्क येथील प्रदर्शनास आलेल्या एका आर्मेनियन गृहस्थानें तेथेंच तिचा कारखाना काढला. १९५० मध्यें सी. एस. लुईस याच्या मुलांसाठीं लिहिलेल्या कथेंत एक मुलगा याच मिठाईच्या लोभानें भावंडांशीं दगा करतो, व तेव्हांपासून इंग्रजी वाचणाऱ्या मुलांस ही मिठाई खाण्यापूर्वींच ठाऊक असते. ग्रीसमध्यें सीरोस बेट तिजकरितां प्रसिद्ध आहे. सायप्रसमधील येरोस्किपू गांवच्या लुकूमीस २००७ मध्यें यूरोपीय संघानें भौगोलिक नांवाचें संरक्षण दिलें, तेव्हां तुर्कस्थानांत बरीच नाराजी झाली. वास्तविक त्या संरक्षणानें एका गांवच्या मालाचें नांव राखलें. मिठाई कोणाची हा निवाडा त्यांत नव्हता. शब्द अरबी, साखरेचें नांव संस्कृतोद्भव, निशास्ता फारसी नांवाचा व मस्तकी ग्रीक बेटाची, असें असतां मालकीचा दावा कोणीं कोणावर करावा, हें ठरविणें कठीणच आहे.

आपल्याकडील मुंबईचा किंवा माहीमचा हलवा व १९४७ नंतर कराचीहून आलेल्या हलवायांचा हलवा यांचें लोकुमाशीं नातें काय, असें मित्रमंडळी विचारतात. साम्य घटकांचें आहे. वंशाचें आहे असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. गव्हाचा चीक व साखर तुपांत शिजविण्याची रीति बगदादच्या फालूदजाशीं अधिक जुळते, तुर्की लोकुमाशीं कमी. तेव्हां हे एकाच आजोबांचे निरनिराळ्या घरीं वाढलेले नातू असावेत, इतकेंच तूर्त म्हणावें. या बाबतींत ज्यांचे संग्रहीं जुन्या पाकशास्त्राच्या वह्या, मुदपाकखान्याचे जमाखर्च किंवा वाण्याच्या याद्या असतील त्यांनीं एक गोष्ट पाहावी. ‘निशास्ता’, ‘नशास्ता’ किंवा ‘गव्हाचें सत्त्व’ अशी नोंद आढळल्यास ती एकटी उतरून न घेतां तिच्या वरील व खालील चार-चार ओळी उतराव्या. त्याच खरेदींत तूप आहे कीं नाहीं, लिंबू आहे कीं नाहीं, रुमी मस्तकी आहे कीं नाहीं, यावरच तो निशास्ता हलव्याकडे गेला, फालुद्याकडे गेला, कीं धोब्याकडे खळीसाठीं गेला, हें कळणार आहे.